लाईट गेली, नॅस मिटला: घरातल्या बॅकअप यंत्राचं पुढे काय होतं?

मे महिन्यातली संध्याकाळ. दिवसभर घामाच्या धारा आणि साडेसातला वळीव. साताऱ्याला आमच्या गल्लीत वळवाची पहिली सर येते ती लाईट घेऊनच जाते, त्यात नवीन काही नाही. त्या दिवशी मात्र मी दुपारपासून आईचे जुने अल्बम स्कॅन करून घरातल्या नॅसवर, म्हणजे फाइली साठवायच्या यंत्रावर, चढवत होते. लाईट गेली. पंखा हळूहळू थांबला आणि त्या शांततेत कपाटावरून एक बारीक ‘टक्’ ऐकू आलं. दोन मिनिटांनी लाईट आली, नॅसचा निळा दिवा लुकलुकायला लागला, आणि मी हुश्श करेपर्यंत परत गेली. मग आली. मग गेली. खाली वायरमन टॉर्च घेऊन उभा होता. म्हणाला, “ताई, डीपीवर फांदी पडलीय. अजून चार-पाच वेळा जा-ये करंल. टीव्ही-बिव्ही काढून ठेवा.”

टीव्ही काढला. फ्रिज काढला. नॅसचं बटण बंद करायचं सुचलंच नाही. चौथ्यांदा लाईट आली तेव्हा घरातले सगळे दिवे लागले, नॅसचा लागला नाही.

आईनं एवढंच विचारलं, “म्हणजे ह्यांचे फोटो गेले का गं?”

त्याचं उत्तर द्यायला मला दोन दिवस लागले. गूगल फोटोजवरची अमर्याद फुकट साठवण १ जून २०२१ पासून बंद झाली, तेव्हा माझ्यासारख्या बऱ्याच जणांनी घरीच असं यंत्र आणून ठेवलं. फोटो, सातबाऱ्याचे उतारे, पोरांचे दाखले, सगळं त्याच्यात. ते यंत्र अचानक मिटलं तर आत काय घडतं आणि आपण काय करायचं, हे त्यांच्यासाठी लिहितेय.

नॅस म्हणजे काय

नॅस म्हणजे घरच्या राउटरला जोडलेलं डिस्कचं कपाट. दिसायला डब्यासारखं, पण आत एक छोटा संगणकच असतो. त्याला पडदा नाही, कीबोर्ड नाही. बहुतेकांच्या आत लिनक्स चालतं. घरातले फोन आणि लॅपटॉप वाय-फायवरून आपापल्या फाइली त्यात टाकतात, आणि बरेच जण रात्री आपोआप बॅकअप लावून ठेवतात.

लॅपटॉपपेक्षा तो एका बाबतीत फार वेगळा आहे. लॅपटॉपला बॅटरी असते, त्यामुळे लाईट गेली तरी त्याला कळतसुद्धा नाही. नॅसला बॅटरी नाही. भिंतीतली वीज तुटली की अ‍ॅडॉप्टरमध्ये साठलेल्या थोड्याशा विजेवर तो सेकंदाच्या अगदी छोट्या अंशापुरता तग धरतो. डोळ्याचं पातं लवतं ना लवतं तोवर संपलं. लॅपटॉपच्या पडद्यावर ‘कॉपी होत आहे’ अशी पट्टी तशीच दिसत राहते आणि पलीकडे घेणारा कोणी उरलेला नसतो.

तो ‘टक्’ कसला होता?

हार्ड डिस्कच्या आत आरशासारख्या गुळगुळीत तबकड्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेत असतात. ७,२०० म्हणजे सेकंदाला १२०. त्यांच्यावरून वाचणारं-लिहिणारं डोकं, ज्याला हेड म्हणतात, ते टेकत नाही. तबकडीच्या फिरण्यानं जो हवेचा पातळ थर तयार होतो त्यावर ते तरंगतं. अंतर असतं काही नॅनोमीटर. आपल्या डोक्यावरचा केस त्याच्या हजारो पट जाड.

वीज गेली, तबकडी मंदावली, की तो हवेचा थर नाहीसा होणार आणि हेड तबकडीवर आदळणार, असं कोणालाही वाटेल. जुन्या काळात ही भीती खरी होती. आजच्या डिस्कमध्ये यावर फार सुंदर उपाय आहे. पंखा बंद केल्यावर पाती काही वेळ फिरत राहतात, तशा तबकड्याही फिरत राहतात. त्या फिरण्यातून डिस्कची मोटर उलट वीज तयार करते, आणि त्या विजेवर हेड उचलून बाजूच्या उतरणीवर नेऊन ठेवलं जातं. ‘टक्’ झालं ते हे. डिस्कनं स्वतःच्या शेवटच्या दमावर स्वतःला वाचवलं.

म्हणजे तो आवाज ऐकून छातीत धस्स व्हायचं कारण नाही. पण अशी घाईची उचल हेडला मानवतेच असं नाही. नीट बंद करताना होणारी हालचाल डिस्क लाखो वेळा सोसते, आणीबाणीच्या उचलीची मर्यादा त्याहून खूपच कमी असते. वर्षातून चार वेळा झालं तर काही बिघडत नाही. रोज दोनदा होत असेल, तर डिस्कचं आयुष्य त्यात झिजतं.

खिशातल्या चिठ्ठ्या

लोखंड वाचलं. आता त्यावरच्या अक्षरांकडे येऊ, कारण खरं नुकसान तिथे होतं.

सणासुदीच्या दिवसांतलं किराणा दुकान डोळ्यापुढे आणा. गिऱ्हाइकांची गर्दी आहे, उधारी चालू आहे. प्रत्येक वेळी वही काढून पान शोधून लिहीत बसलं तर रांग हलणार नाही. मग दुकानदार काय करतो? चिठोऱ्यावर खरडतो, चिठोरं शर्टाच्या खिशात टाकतो आणि “झालं, पुढचं बोला” म्हणतो. गर्दी ओसरली की चिठ्ठ्या काढून वहीत उतरवतो.

नॅस हेच करतो. डिस्क सावकाश चालते, मेमरी वेगवान असते. म्हणून आलेली फाइल आधी मेमरीत घ्यायची आणि सवडीनं डिस्कवर उतरवायची. या खिशाला कॅश म्हणतात. लिनक्सच्या नेहमीच्या मांडणीत असा मजकूर साधारण ३० सेकंदांपर्यंत खिशात राहू शकतो. तुमच्या फोनवर ‘अपलोड पूर्ण’ असं आलेलं असतं आणि फोटो अजून चिठ्ठीवरच असतो.

लाईट गेली की खिसा रिकामा. वहीत उतरलेलं शाबूत, चिठ्ठीवरचं कायमचं गेलं.

म्हणून लाईट गेल्यावर सगळ्यात आधी आठवायचं ते हे: त्या क्षणाच्या आधीच्या मिनिटभरात काय चढत होतं? मी अल्बमचं चौथं पाकीट चढवत होते. नंतर पाहिलं तर त्यातल्या एका फोटोत वरच्या अर्ध्या भागात वडील सायकल धरून उभे आणि खालचा अर्धा भाग सपाट राखाडी. सायकलची चाकंच नाहीत. फाइलचं नाव बरोबर, तारीख बरोबर. यादीत बघून काही कळलं नसतं, उघडल्यावरच कळलं. कागदाचा मूळ फोटो हातात होता म्हणून पुन्हा स्कॅन केला. फोटो फोनमधला असता आणि ‘चढलं’ म्हणून तो आधीच पुसून टाकला असता तर?

कीर्द आणि खतावणी

आता समजा, दुकानदार खतावणी लिहीत असतानाच लाईट गेली. एका खात्यावर रक्कम नावे पडली, दुसऱ्या खात्यावर जमा व्हायची राहिली. एवढ्यानं हिशोब जुळणार नाही, आणि चूक कुठे आहे ते शोधायला सगळी वही पहिल्या पानापासून तपासावी लागेल. डिस्कवरही फाइल कुठे ठेवली, जागा किती उरली, फोल्डरमध्ये नाव आहे का, अशा चार-पाच नोंदी एकमेकींशी जुळाव्या लागतात. अर्ध्यावर राहिलं की गोंधळ.

आपल्याकडच्या व्यापाऱ्यांनी यावर फार पूर्वी तोड काढली. आधी कीर्दीत ओळीनं नोंद करायची, मग ती खतावणीत त्या त्या खात्यावर न्यायची. मध्येच काही झालं तर कीर्दीची शेवटची काही पानं पाहिली की पुरे. पूर्ण झालेली नोंद खतावणीत उतरवायची, अर्धवट राहिलेली सोडून द्यायची. संगणकातल्या या कीर्दीला जर्नल म्हणतात. लिनक्समध्ये २००१ साली डिस्कवर फाइली मांडायच्या एक्स्ट-३ या पद्धतीबरोबर ती सर्रास आली. त्याआधी अचानक बंद पडलेला संगणक पुन्हा सुरू करताना सगळी डिस्क तपासण्यात तासन्‌तास जायचे.

इथे एक गैरसमज नेहमी होतो. जर्नल आहे म्हणजे फाइल सुरक्षित, असं नाही. ही कीर्द बहुधा फक्त वहीची मांडणी सांभाळते, मालाची खात्री देत नाही. माझ्या सायकलच्या फोटोची नोंद अगदी व्यवस्थित होती, चाकं नव्हती.

झेडएफएस आणि बीटीआरएफएस या नव्या पद्धती एक पाऊल पुढे जातात. त्या जुनं पान खोडतच नाहीत. नवीन पान कोऱ्या जागी लिहायचं, पूर्ण झालं की मगच अनुक्रमणिकेतला पानक्रमांक बदलायचा. मध्ये लाईट गेली तर जुनं पान जसंच्या तसं. शिवाय प्रत्येक तुकड्याबरोबर एक तपासणीचा आकडा ठेवतात, त्यामुळे मजकूर बिघडला असेल तर वाचतानाच लक्षात येतं. नॅस नवा घेत असाल आणि त्यात ही सोय असेल, तर ती निवडा असंच मी सांगेन.

“पण माझ्याकडे दोन डिस्क आहेत की!”

हे वाक्य मीही म्हणायचे. दोन किंवा जास्त डिस्क एकत्र जोडून एक बिघडली तरी काम चालू ठेवायच्या पद्धतीला रेड म्हणतात. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी १९८८ साली आपल्या निबंधात हे नाव मांडलं. स्वस्त डिस्कची फौज एका महागड्या डिस्कला भारी पडू शकते, हे त्यांचं म्हणणं. रेडचा उपयोग डिस्क मेली तर. लाईट जाणं हा वेगळा आजार आहे, आणि त्यात दोन्ही डिस्क एकाच क्षणी सापडतात.

दोन डिस्कवर एकच मजकूर लिहिला जातो तेव्हा दोन कारकून एकच पत्र उतरवून घेत आहेत असं समजा. मध्येच दिवे गेले. एकाची ओळ पूर्ण झाली, दुसऱ्याची अर्धी राहिली. सकाळी दोन कागद जुळत नाहीत. खरा कुठला? साध्या रेडला ते ठरवता येत नाही. तो एक कागद प्रमाण मानतो आणि दुसरा त्यावरून लिहून काढतो. वर म्हटलेला तपासणीचा आकडा असेल तर कुठला बरोबर ते कळतं.

तीन-चार डिस्कच्या यंत्रात तर याहून अवघड प्रकार होतो. तिथे सगळ्याची दुसरी प्रत नसते, बेरीज ठेवलेली असते. एका डिस्कवर १२, दुसरीवर ३०, तिसरीवर त्यांची बेरीज ४२. एखादी डिस्क गेली तर वजाबाकी करून हरवलेला आकडा काढता येतो. आता पहिल्या डिस्कवरचे १२ बदलून २० लिहिले, आणि बेरीज ५० करायच्या आत लाईट गेली. बेरीज ४२ च राहिली. त्यानंतर सहा महिने सगळं सुरळीत चालेल. मग एके दिवशी दुसरी डिस्क मेली, आणि यंत्र हिशोब करतं: ४२ वजा २०, म्हणजे २२. होते ३०. ज्या फाइलला कोणी हातही लावला नव्हता ती खराब निघाली. याला राईट होल म्हणतात. म्हणून लाईट गेल्यानंतर असं यंत्र स्वतःहून बेरजा तपासायला घेतं, तेव्हा ते काम पूर्ण होऊ द्यायचं.

लाईट जाण्यापेक्षा तिचं येणं वाईट

तो एक फोटो सोडला तर माझं नुकसान पहिल्या झटक्यात झालं नव्हतं. ते झालं दोन मिनिटांच्या अंतरानं लाईट तीनदा आली-गेली त्यात.

थांबलेल्या तबकड्या पुन्हा फिरवायला जोर लागतो, जसा भरलेली बैलगाडी जागची हलवायला लागतो. नॅसमधली एक मोठी डिस्क सुरू होताना १२ व्होल्टवर २ अँपिअरच्या आसपास वीज ओढते. एकदा फिरायला लागली की त्याच्या चौथ्या हिश्श्यातही भागतं. म्हणजे लाईट आल्याचे पहिले काही सेकंद यंत्राला सर्वात जड जातात, आणि नेमके त्याच वेळी गल्लीतले सगळे फ्रिज, पंप, पंखे एकदम सुरू होऊन व्होल्टेज खाली-वर होत असतं. त्यातून नॅस उठतो, कीर्द तपासायला घेतो, दुरुस्तीची नोंद लिहायला लागतो आणि परत लाईट जाते. जखमेवर पट्टी बांधत असताना कोणी हात ओढावा तसं.

वादळात तीन फेजच्या लाईनची न्यूट्रल तार तुटली तर घरात २३० व्होल्टऐवजी ४०० च्या जवळपास व्होल्टेज येऊ शकतं. स्पाइक गार्डची पट्टी क्षणभराची उसळी थोपवते, असं बराच वेळ टिकणारं जादा व्होल्टेज तिला झेपत नाही.

बहुतेक नॅसच्या सेटिंगमध्ये ‘वीज परत आल्यावर आपोआप सुरू व्हा’ असा पर्याय असतो. यूपीएस, म्हणजे लाईट गेल्यावर थोडा वेळ बॅटरीवर वीज देणारी पेटी, नसेल आणि तुमच्याकडे लाईट जा-ये करत असेल, तर हा पर्याय बंद ठेवा. परगावी गेल्यावर अडचण होईल हे खरं, पण चार वेळा आपटून उठण्यापेक्षा यंत्र दोन दिवस झोपून राहिलेलं परवडलं.

पहिला तास

लाईट गेली की आधी नॅसचं भिंतीवरचं बटण बंद करा. टीव्हीच्या आधी. लाईट आली तरी लगेच लावू नका, पंधरा-वीस मिनिटं ती टिकते का पाहा.

मग आधी राउटर लावा, तो स्थिर झाला की नॅस. आणि नंतर हात लावू नका. नेहमी तीन मिनिटांत सुरू होणारं यंत्र अशा वेळी अर्धा तास घेईल, कधी त्याहून जास्त. आत कीर्द-खतावणी जुळवणं चालू असतं. “अडकलंय बहुतेक” म्हणून बटण दाबून पुन्हा चालू करायचा मोह आवरायचा, कारण चालू दुरुस्तीत वीज तोडणं म्हणजे तीच दुर्घटना आपल्या हातानं पुन्हा घडवणं. डिस्कचा दिवा लुकलुकतोय, आतून घरघर येतेय, तोवर काम चालू आहे.

डिस्क काढून पुन्हा बसवू नका. बसवावीच लागली तर आधी प्रत्येकीवर १, २ असे आकडे टाका, कुठली कुठल्या खाचेत होती ते लक्षात राहत नाही. आणि पडद्यावर यंत्रानं ‘नव्यानं मांडणी करू का’, ‘इनिशियलाइझ करू का’ असं विचारलं तर ‘हो’ म्हणू नका. त्याचा अर्थ ‘सगळं पुसून कोरं करू का’ असा असतो. घाबरलेला माणूस तेवढ्यात होकार देऊन बसतो, आणि लाईटनं जे केलं नाही ते त्या एका होकारानं होतं.

सुरू झाला, पण नारिंगी दिवा लागलाय

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आमचा नॅस सुरू झाला. कसा, ते शेवटी सांगते. आत गेल्यावर संदेश होता की एक डिस्क गटातून बाहेर पडली आहे. याला डिग्रेडेड म्हणतात. गाडी स्टेपनीवर चालली आहे, एवढाच त्याचा अर्थ. माहिती जागेवर असते, राखीव मात्र काही उरलेलं नसतं.

शेजारी ‘दुरुस्त करा’ असं बटण असतं. लगेच दाबावंसं वाटतं. थांबा. दुरुस्तीत चांगल्या डिस्कवरचं अक्षर न्‌ अक्षर वाचून दुसरीवर उतरवलं जातं. ४ टेराबाइटची डिस्क सेकंदाला १५० मेगाबाइटनं वाचली तरी सात तासांच्या वर जातात. दोन्ही डिस्क एकाच दिवशी घेतलेल्या, एकाच वयाच्या, दोघींनी एकच झटका खाल्लेला. त्या सात तासांत दुसरीनं मान टाकली तर हाती काहीच राहत नाही. म्हणून आधी जे कुठेच दुसरीकडे नाही ते बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या. मी वडिलांचे फोटो आणि पत्रं आधी काढली, सिनेमे राहू दिले. मग दुरुस्ती लावली, तीही रात्री अकराला, लाईट जायची शक्यता कमी असते तेव्हा.

नंतर डिस्कची तब्येत पाहा. प्रत्येक डिस्क स्वतःची नोंद ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात. त्यात बरेच आकडे असतात, आपल्याला चार पुरे. क्रमांक ५ म्हणजे खराब म्हणून बदललेल्या जागा. १९७ म्हणजे वाचता न आलेल्या, निर्णय बाकी असलेल्या जागा. १९९ म्हणजे केबलची किंवा जोडणीची चूक. १९२ म्हणजे तो ‘टक्’ आजवर किती वेळा झाला. लाईट गेल्यानंतर १९७ मध्ये दोन-चार आकडे दिसले तर लगेच डिस्क फेकू नका. लिहिता लिहिता वीज गेली की तेवढा तुकडा अर्धवट राहतो आणि वाचता येत नाही, त्यावर पुन्हा लिहिलं की तो बरा होतो. पण ५ आणि १९७ दर आठवड्याला वाढत असतील तर नवी डिस्क आणा.

शेवटी बॅकअप खरंच उघडतो का ते पाहा. रात्रीचा बॅकअप अर्ध्यावर तुटला असेल तर यादीत तो दिसेल, पण त्यातून फाइल निघेलच असं नाही. एक फोटो, एक पीडीएफ, एक जुनी फाइल परत काढून उघडून बघा. पाच मिनिटांचं काम आहे.

“घरात इन्व्हर्टर आहे ना!”

साताऱ्यात, सांगलीत, नगरला घरोघरी इन्व्हर्टर आहेत, आणि ही शंका अगदी रास्त आहे. दोन गोष्टी तपासा. बऱ्याच इन्व्हर्टरवर यूपीएस मोड आणि इको मोड असं बटण असतं. इको मोडमध्ये लाईट गेल्यावर बॅटरीवर यायला जो वेळ जातो त्यात पंख्याला काही वाटत नाही, पण नॅस बंद पडून पुन्हा सुरू होऊ शकतो. बटण यूपीएस मोडवर ठेवा.

दुसरी गोष्ट महत्त्वाची. इन्व्हर्टर बोलत नाही. बॅटरी संपत आली हे तो शिट्टी मारून माणसाला सांगेल, नॅसला सांगणार नाही. रात्री तीनला बॅटरी संपली, घरात सगळे झोपलेले, नॅस बॅकअप घेत असलेला, की पुन्हा तीच गत. फक्त चार तास उशिरा.

मुंबईकरांना वाटेल, आमच्याकडे लाईट जातेच कुठे? १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी दहाच्या सुमारास मुंबईची गेली होती. लोकलसुद्धा जागच्या जागी थांबल्या होत्या. जिथे लाईट क्वचित जाते तिथे कोणी तयारीत नसतं, एवढाच फरक.

यूपीएस, आणि ती एक केबल

यूपीएस हा नॅस चालवत ठेवण्यासाठी घ्यायचा नसतो. नीट बंद करण्यापुरती उसंत मिळावी म्हणून घ्यायचा. हे एकदा पटलं की मोठ्या खर्चाची गरज राहत नाही. दोन डिस्कचा नॅस आणि राउटर मिळून चाळीस वॉटच्या आसपास खातात. दुकानात मिळणारा साधा ६०० व्हीएचा यूपीएस नव्या बॅटरीवर त्यांना अर्धा तास तरी सहज ओढतो.

घेताना मागच्या बाजूला यूएसबीचं भोक आहे का ते पाहा. स्वस्तातल्या बऱ्याच यूपीएसना ते नसतं, आणि आपल्याला हवं आहे ते तेच. त्या केबलवरून यूपीएस नॅसला सांगतो, “लाईट गेली, मी बॅटरीवर आहे.” नॅस वेळ मोजायला लागतो, ठरलेल्या वेळी खिशातल्या चिठ्ठ्या वहीत उतरवतो, वही मिटतो आणि बंद होतो. तुमच्या नॅसच्या कंपनीच्या यादीत तो यूपीएस आहे का तेही आधी बघून घ्या. सेटिंगमध्ये ‘बॅटरी संपत आल्यावर बंद हो’ असा पर्याय असेल तर तो नको, ‘पाच मिनिटांनी बंद हो’ हा ठेवा. जुन्या बॅटरीचा काटा अर्ध्यावर असतो आणि पुढच्या मिनिटाला ती बसते.

आपल्याकडच्या उन्हाळ्यात ही बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते. बसवल्याची तारीख खडूनं नाही, मार्करनं यूपीएसवर लिहा. तीन महिन्यांतून एकदा यूपीएसचं भिंतीवरचं बटण बंद करून नॅस खरोखर आपणहून मिटतो का ते पाहा. प्लग उपटू नका, त्यानं अर्थिंगही तुटतं.

राउटरसाठी मिळणारी ती छोटी १२ व्होल्टची पांढरी डबी नॅसला जोडू नका. पिन बसते, व्होल्ट जुळतात, पण डिस्क सुरू होताना लागणारे अँपिअर तिच्यात नसतात.

“एसएसडी घातली तर? नाहीतर सगळं क्लाउडवर?”

एसएसडी म्हणजे तबकडीऐवजी चिपवर साठवणारी डिस्क. तिच्यात फिरणारं काही नाही, म्हणून ‘टक्’ नाही. पण चिठ्ठ्यांचा खिसा तिलाही असतो. मोठ्या संस्थांसाठी बनवलेल्या एसएसडीत खिसा रिकामा करण्यापुरती वीज साठवणारे कपॅसिटर बसवतात, घरगुती एसएसडीत ते सहसा नसतात. क्लाउडचं म्हणाल, तर जे एकमेव आहे त्याची एक प्रत घराबाहेर हवीच, मग ती क्लाउडवर असो की पुण्यातल्या बहिणीच्या कपाटातल्या डिस्कवर. ज्याची सगळी प्रत एकाच नॅसमध्ये आहे त्याचा बॅकअप नाही, मग आत डिस्क कितीही असोत.

दिवाच लागत नसेल तर

आता आमच्या नॅसचं. चौथ्यांदा लाईट आली आणि त्यानं डोळाच उघडला नाही. आवाज नाही, पंखा नाही, काही नाही. मी गृहीत धरलं की यंत्र जळालं आणि त्याबरोबर सगळं गेलं.

माहिती डिस्कमध्ये असते, डब्यात नाही. डबा मेला तरी त्याच कंपनीच्या दुसऱ्या डब्यात डिस्क त्याच क्रमानं घातल्या तर बहुतेक वेळा सगळं जसंच्या तसं उघडतं. लिनक्सची माहिती असलेला कोणी ओळखीत असेल तर तो साध्या संगणकाला जोडूनही अनेक नॅसच्या डिस्क वाचू शकतो. आणि डब्याच्याही आधी तपासायची ती सगळ्यात स्वस्त वस्तू, म्हणजे अ‍ॅडॉप्टर. भिंत आणि यंत्र यांच्यामध्ये तोच उभा असतो, विजेचा धक्का पहिल्यांदा तोच खातो. दिवा लागत नाही, किंवा लागून डिस्क फिरायला घेतली की विझतो, तर संशय आधी त्याच्यावर घ्या. दुसरा आणताना व्होल्ट नेमके तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त, आणि पिनचं टोकही तेच, त्यातला धन-ऋणाचा क्रमही जुन्यासारखाच. हे सगळं अ‍ॅडॉप्टरच्या पोटावर बारीक अक्षरात छापलेलं असतं.

आमचा १२ व्होल्ट, ५ अँपिअरचा होता. नाकाजवळ नेला तर जळका वास येत होता. दुसऱ्या दिवशी राजवाड्याजवळच्या एका इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात तसाच मिळाला. संध्याकाळी जोडला, दिवा लुकलुकला, आणि मी खुर्ची ओढून समोर बसले. पंचवीस मिनिटं गेली. आई चहा घेऊन आली आणि तीही बसली. दिवा स्थिर झाला तेव्हा पहिलं फोल्डर तिच्या लग्नाच्या अल्बमचं उघडलं.